जलवाहनांतील गळती : निदान, दुरुस्ती आणि स्थानिक कौशल्य

गेल्या दोन दशकांत भारतीय पर्यटनाच्या नकाशात एक लक्षणीय बदल घडून आला आहे. एके काळी समुद्रकिनाऱ्यापुरत्या मर्यादित असलेल्या जलक्रीडा आता देशाच्या अंतर्भागातील धरणांच्या जलाशयांवर येऊन पोहोचल्या आहेत. मध्य प्रदेशात इंदिरा सागर जलाशयाच्या काठी हनुवंतिया येथे २०१६ पासून जलमहोत्सव भरू लागला. महाराष्ट्रात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, सातारा जिल्ह्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये गोड्या पाण्यातील जलपर्यटन केंद्र सुरू झाले. ज्या भागात शेती पावसावर अवलंबून आहे आणि उद्योग मोजके आहेत, अशा भागांना जलपर्यटन हे रोजगाराचे नवे साधन वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र या विस्ताराची एक बाजू सहसा चर्चेत येत नाही. वॉटर स्कूटर किंवा फायबरची यांत्रिक नौका मालमोटारीवर लादून कोणत्याही जलाशयापर्यंत नेता येते. ती दुरुस्त करण्याचे ज्ञान त्याच मालमोटारीतून येत नाही. जलवाहनातील सर्वांत साधा, सर्वाधिक आढळणारा आणि दुर्लक्ष केल्यास सर्वांत धोकादायक दोष म्हणजे आत पाणी शिरणे, अर्थात गळती. गळती नेमकी कोठे आहे हे ओळखण्याचे शास्त्र अवघड नाही आणि त्यासाठी महागडी उपकरणेही लागत नाहीत. तरीही ते अवगत नसल्यामुळे चुकीचे भाग बदलले जातात, वाहने आठवडेच्या आठवडे बंद राहतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. झाशीसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहराच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

झाशी : पाणी, खडक आणि ऊन

मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाई आणि मूळच्या कोकणातील नेवाळकर घराण्यामुळे. बुंदेलखंडाची दुसरी ओळख म्हणजे पाणी साठवण्याची त्याची जुनी परंपरा. चंदेल आणि बुंदेला राजवटींत येथे अनेक तलाव बांधले गेले. झाशीजवळचा बरुआसागर हा त्यांपैकीच एक. पुढे ब्रिटिश काळात बेतवा नदीवर १८८० च्या दशकात परीछा येथे बंधारा उभा राहिला. त्यानंतर सुकवां-ढुकवां आणि स्वातंत्र्योत्तर काळात मातातीला व राजघाट ही धरणे झाली. बेतवा नदी मंडळाचे मुख्यालयही झाशीतच आहे. झाशीपासून जवळच असलेल्या ओरछा येथे बेतवेत पर्यटकांसाठी नौकाविहार व रॅफ्टिंग चालते. केन-बेतवा जोड प्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी झाली असून या खोऱ्यातील जलसाठ्यांकडे पाहण्याची दृष्टी यापुढे आणखी व्यापक होईल, अशी अपेक्षा आहे.

जलवाहनांच्या दृष्टीने या प्रदेशाची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे खडक. बुंदेलखंडाची भूमी कठीण ग्रॅनाइटची आहे आणि बेतवेचे पात्र ठिकठिकाणी शिळांनी भरलेले आहे. दुसरे म्हणजे पाण्याची बदलती पातळी. जवळजवळ सर्व पाऊस पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडत असल्याने उन्हाळ्यात जलाशय खाली जातात आणि पावसाळ्यात खोल पाण्याखाली असलेले खडक पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात. तिसरे म्हणजे ऊन. झाशीचे उन्हाळी तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. उघड्यावर ठेवलेल्या वाहनातील रबरी नळ्या, वेष्टने आणि सीलबंद सांधे अशा उन्हात कडक होऊन तडकतात. समुद्रकिनाऱ्यावर खारे पाणी धातूला खाते. येथे तो त्रास नाही, पण खडक आणि ऊन त्याची उणीव भरून काढतात.

यंत्राची रचना आणि पाण्याच्या वाटा

१९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकात उत्तर अमेरिकेत वैयक्तिक जलवाहने बाजारात आली. त्यांच्यापैकी ‘जेट स्की’ हे एका जपानी कंपनीच्या उत्पादनाचे नाव आज सर्रास सर्वच वाहनांसाठी वापरले जाते. आपल्याकडे ‘वॉटर स्कूटर’ हा शब्द रूढ आहे. या वाहनाला बाहेर फिरणारा पंखा नसतो. इंजिन एका शाफ्टद्वारे मागच्या बाजूच्या पंपातील इंपेलर फिरवते. पंप तळाच्या जाळीतून पाणी खेचतो आणि मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकतो. त्या प्रतिक्रियेने वाहन पुढे जाते.

वाहनाचे शरीर दोन भागांचे असते. खालचा तळभाग आणि वरचा डेक हे दोन भाग कडेने चिकटवलेले व स्क्रूंनी आवळलेले असतात. या बंद पोकळीत इंजिन, बॅटरी आणि इंधनाची टाकी असते. ही पोकळी कोरडी राहावी अशी अपेक्षा असली, तरी तिला भोके पाडावीच लागतात. शाफ्ट तळातून बाहेर जातो. सुकाणू व मागे जाण्याच्या यंत्रणेच्या केबल मागच्या भिंतीतून जातात. धूर बाहेर सोडणारी नळी असते. इंजिन थंड करण्यासाठी पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या असतात. मागच्या बाजूला खाली निचऱ्याची बुचे असतात. यांतील प्रत्येक छिद्र हे रबर, कार्बन, क्लिप किंवा चिकटद्रव्य यांच्या आधारावर बंद ठेवलेले असते. म्हणूनच तळाला तडा गेला असेल असे गृहीत धरण्यापूर्वी या छिद्रांची तपासणी करणे शहाणपणाचे ठरते.

आत आलेले थोडेफार पाणी बाहेर काढण्याची सोयही बहुतेक वाहनांत असते. पंपातून वेगाने जाणाऱ्या पाण्यामुळे निर्माण होणारे चोषण वापरून एक बारीक नळी तळातील पाणी ओढून घेते. ही सोय वाहन वेगात असतानाच काम करते. ती बुजली असेल तर आत येणारे किरकोळ पाणीही साचत जाते. तिच्या वरच्या वळणावरील हवेचे बारीक छिद्र बंद झाले, तर उभ्या वाहनात बाहेरचे पाणी उलट दिशेने आत येऊ शकते. अशा वेळी गळती नसलेल्या वाहनात गळती असल्याचा भास होतो.

लहान छिद्राचे मोठे गणित

गळतीकडे दुर्लक्ष होण्याचे मुख्य कारण म्हणजे छिद्र लहान दिसते. प्रत्यक्षात पाण्याखालील छिद्रातून येणाऱ्या प्रवाहाचे गणित डोळ्यांच्या अंदाजाला चकवणारे आहे. पृष्ठभागाखाली २० सेंटिमीटर खोलीवर ५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे १.४ लिटर, म्हणजे तासाला ८० लिटरहून अधिक पाणी आत येते. व्यास दुप्पट झाला की प्रवाह चौपट होतो. १० मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला सुमारे ३३५ लिटर पाणी येईल. निचऱ्याचे बूच लावायचे राहून गेले आणि ते छिद्र २० मिलिमीटरचे असेल, तर अवघ्या १० मिनिटांत २०० लिटरहून अधिक पाणी आत साचते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तिघांना बसण्याच्या वाहनाचे स्वतःचे वजन साधारणपणे ३०० ते ४०० किलोच्या आसपास असते. त्यात १०० लिटर पाणी आले, तर एका प्रौढ प्रवाशापेक्षा अधिक भार न दिसता वाढतो. शिवाय हा भार स्थिर नसतो. वळण घेताना पाणी एका बाजूला धावते आणि वाहन कलंडण्याची शक्यता वाढते. पाणी इंजिनाच्या हवेच्या वाटेपर्यंत पोहोचले, तर इंजिन निकामी होते आणि प्रवासी जलाशयाच्या मध्यावर अडकतात.

चालकाला जाणवणारे पहिले लक्षण सहसा वेग मंदावणे हे असते. या एका लक्षणामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात : आत साचलेले पाणी, वाळूने झिजलेला पंप किंवा तळाच्या जाळीत अडकलेले पाणगवत. किनाऱ्यावर येताच बूच काढून किती पाणी निघते ते पाहिले, तर यांपैकी पहिले कारण लगेच पक्के होते किंवा बाद होते. निदानाची सुरुवात या साध्या कृतीने होते.

पहिला प्रश्न : पाणी केव्हा येते?

अनुभवी कारागीर ‘पाणी कोठून येते’ असे विचारण्याआधी ‘पाणी केव्हा येते’ असे विचारतो. काळ कळला की जागेचा शोध निम्म्याहून अधिक आटोपतो. त्यासाठी वाहनाची पोकळी प्रथम पूर्ण रिकामी करून स्पंजने कोरडी करावी आणि नवे पाणी तीन अवस्थांत स्वतंत्रपणे मोजावे.

पहिली अवस्था स्थिर वाहनाची. इंजिन बंद ठेवून वाहन काठाजवळ उथळ पाण्यात अर्धा तास दोराने बांधून ठेवावे, आसन काढावे आणि बॅटरीच्या प्रकाशात आत पाहावे. या अवस्थेत पाणी येत असेल, तर दोष पाण्याच्या पातळीखालीच आहे. निचऱ्याच्या बुचाची ओ-रिंग, शाफ्टभोवतीचे सील, केबलवरील रबरी टोप्या, पाण्याखालील नळ्या, चोषण-नळीतून उलट येणारे पाणी आणि शेवटी तळाचा तडा, या क्रमाने शोध घ्यावा.

दुसरी अवस्था चालत्या वाहनाची. उभे असताना कोरडे राहणारे वाहन फेरी मारून आल्यावर ओले आढळले, तर शीतक पाण्याच्या नळ्या, त्यांच्या क्लिपा, धूर सोडणारी नळी आणि फिरत्या शाफ्टचे सील यांवर संशय घ्यावा. नळीतील पाणी दाबाखाली असते. म्हणून थांबल्यावर न दिसणारी बारीक चीर चालताना कारंज्यासारखी उडते. शाफ्टच्या रेषेत आतील भिंतींवर पाण्याचे आडवे फवारे उमटलेले असतील आणि जवळपास काळी भुकटी साचलेली असेल, तर कार्बन सील झिजल्याची ती खूण होय.

तिसरी अवस्था लाटा, उड्या किंवा उलटण्याची. पाणी केवळ अशा वेळीच येत असेल, तर आसनाखालचे रबरी वेष्टन, सामानाच्या कप्प्याचे झाकण किंवा तळ व डेक यांचा कडेचा सांधा तपासावा. काठाला किंवा खडकाला बाजूने धडकलेल्या वाहनात हा सांधा उसवलेला आढळतो आणि त्यावरील रबरी पट्टीमुळे तो बाहेरून दिसत नाही.

जमिनीवरील चाचण्या

संशयित जागा ठरल्यानंतर ती सिद्ध करण्यासाठी काही स्वस्त चाचण्या आहेत. त्यांत सर्वांत उपयुक्त चाचणी उलट्या दिशेची. पाणी बाहेरून आत कोठे येते हे शोधण्याऐवजी ते आतून बाहेर कोठे जाते हे पाहायचे. वाहन ट्रेलरवर समपातळीत ठेवावे, बॅटरी काढून घ्यावी, बाहेरचा भाग पुसून कोरडा करावा आणि त्यावर खडूची भुकटी चोळावी. मग पोकळीत थोडे थोडे पाणी ओतावे. पाणी शाफ्टच्या पातळीपर्यंतच असावे. विजेच्या जोडण्या व इंजिनाची हवेची वाट यांच्यापर्यंत ते कदापि पोहोचू देऊ नये. जेथे भुकटी भिजून गडद रेघ उमटते, तेथे गळती आहे. आतील पाण्याचा भार तळावर येत असल्याने ट्रेलरचा आधार भक्कम असणे आवश्यक आहे.

वरच्या सांध्यांसाठी हवेची चाचणी करता येते. निचऱ्याच्या छिद्रातून हलक्या दाबाने हवा सोडून बाहेरून साबणाचे पाणी लावले असता गळतीच्या जागी बुडबुडे येतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणाऱ्याला हे तत्त्व नवे नाही. दाब वाढवण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे, कारण चांगला सांधाही त्याने उसवू शकतो.

दाबाखालील नळ्या तपासताना वाहनाला बागेच्या नळीने पाणी जोडून इंजिन थोडा वेळ चालवावे लागते. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी इंजिन सुरू करावे आणि मग पाणी सोडावे. थांबवताना आधी पाणी बंद करावे आणि मग इंजिन. हा क्रम चुकल्यास पाणी धुराच्या वाटेने इंजिनात शिरू शकते. किती मिनिटे चालवावे याची मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती पाळणे बंधनकारक मानावे. पोकळीत साचलेली पेट्रोलची वाफ निघून जावी म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी आसन काढून हवा खेळू द्यावी. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचा धोका असल्याने हे काम बंद खोलीत करू नये.

दुरुस्तीचे तंत्र

निदान अचूक असेल तर बहुतेक दुरुस्त्या लहान असतात. बुचाची गळती वाळूचे कण साफ करून आणि ओ-रिंग बदलून थांबते. बूच पान्याने आवळण्याची गरज नसते, उलट त्याने आटे खराब होतात. उन्हाने कडक झालेली नळी टोकाला कापून पुन्हा बसवण्यापेक्षा पूर्ण बदलणे हिताचे असते. क्लिपा न गंजणाऱ्या पोलादाच्या असाव्यात. शाफ्टचे सील बदलताना कार्बनची कडी आणि तिला दाबून धरणारे रबरी घडीचे आवरण हे एकत्रच बदलावे. नवे सीलही लवकर झिजत असेल, तर दोष इंजिनाच्या रबरी बैठका खचल्यामुळे शाफ्टची रेषा बिघडल्याचा असू शकतो. तो दूर केल्याशिवाय सील बदलत राहणे व्यर्थ आहे.

तळाला तडा गेल्यास आधी तळ कशाचा आहे ते जाणून घ्यावे. काचतंतू आणि रेझिनपासून बनवलेला फायबरचा तळ दुरुस्त करताना तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडून तो पुढे पसरण्यापासून रोखतात. भोवतालचा भाग पूर्ण वाळवतात आणि कडा उतरत्या घासून मोठ्या क्षेत्रावर इपॉक्सी व काचतंतूच्या कापडाचे थर देतात. ओलसर पृष्ठभागावर दिलेला थर वरून चांगला दिसला तरी आतून सुटतो. बुंदेलखंडाचे ऊन येथे कारागिराच्या बाजूने उभे राहते. काही अलीकडची स्वस्त वाहने प्लास्टिकच्या संमिश्र तळाची असतात. त्यांच्यावर फायबरची पद्धत चालत नाही, त्यासाठी प्लास्टिक जोडण्याचे वेगळे तंत्र लागते.

बाजारात सहज मिळणारी इपॉक्सीची लांबी वाहन काठापर्यंत आणण्यापुरता तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे. तिलाच कायमची दुरुस्ती समजणे धोक्याचे आहे. सिलिकॉनचा सर्रास वापरही टाळावा, कारण एकदा ते लागले की त्या जागी पुढे रेझिन नीट धरत नाही. दुरुस्तीनंतर ज्या चाचणीने गळती सापडली तीच चाचणी पुन्हा करावी आणि वाहन कोरडे राहिल्याची नोंद ठेवावी. या शेवटच्या टप्प्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

जुने ज्ञान आणि नवी सामग्री

बेतवेच्या काठी केवट, ढीमर, रायकवार अशा समाजांकडे नौका आणि मासेमारीचे पिढीजात ज्ञान आहे. कोकणातील कोळी-गाबीत समाजाप्रमाणेच त्यांनाही लाकडी होडीची गळती ओळखता येते. लाकडी होडीच्या फळ्या उन्हात आकसतात, सांधे उघडतात आणि पाणी झिरपते. होडी पाण्यात राहिली की फळ्या फुगून बारीक फटी आपोआप मिटतात. उरलेल्या फटींत धागा आणि राळ भरली की काम भागते.

फायबरला हा गुण नाही. त्यातील फट पाण्यात ठेवून मिटत नाही. उलट काचतंतूंच्या थरांत पाणी शिरून ती वाढत जाते. काही वाहनांत तरंगण्यासाठी भरलेला फेस पाणी शोषून कायमचा जड होतो. म्हणजे ‘थोडे झिरपणारच, पुढे बसेल’ हा लाकडाच्या बाबतीत योग्य असलेला अनुभव फायबरच्या बाबतीत दिशाभूल करतो. येथे जुन्या कारागिराचे कौशल्य टाकाऊ ठरत नाही. पाण्याची वाट ओळखण्याची त्याची नजर अमूल्य आहे. तिला नव्या सामग्रीच्या गुणधर्मांची जोड देणे एवढेच काम उरते आणि हे काम प्रशिक्षणाने होण्यासारखे आहे.

देखभालीचे अर्थशास्त्र

लहान व्यावसायिक सहसा देखभालीला खर्च मानतो, गुंतवणूक मानत नाही. समजा, एखाद्या तरुणाने कर्ज काढून एक वाहन घेतले आणि त्याचा हंगाम १२० दिवसांचा आहे. गळतीचे निदान न झाल्याने सुटे भाग दूरच्या शहरातून मागवण्यात आणि पुन्हा बदलण्यात १५ दिवस गेले, तर हंगामाचा आठवा हिस्सा बुडाला. कर्जाचा हप्ता मात्र एक दिवसही थांबत नाही. याउलट, अर्ध्या तासाची चाचणी म्हणजे अल्प दरात विकत घेतलेली माहिती होय. माहितीअभावी होणारा खर्च हा दुरुस्तीच्या खर्चाहून अनेकदा मोठा असतो, हे येथे स्पष्ट दिसते.

दुसरा मुद्दा पर्यटकाचा. आसनाखाली किती पाणी साचले आहे हे चालकाला कळू शकते, पर्यटकाला कधीच कळत नाही. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते, की जेथे विक्रेत्याला दोष माहीत असतो आणि ग्राहकाला नसतो, तेथे चांगला माल बाजारातून हुसकला जातो. निगा राखणारा आणि न राखणारा असे दोघेही फेरीचा एकच दर आकारत असतील, तर निगा राखणारा तोट्यात जातो. शिवाय एका वाहनाच्या अपघाताने संपूर्ण जलाशयाची बदनामी होते आणि निर्दोष व्यावसायिकांचाही धंदा बसतो. म्हणूनच ही बाब केवळ खासगी शहाणपणावर सोडून देता येत नाही.

संस्थात्मक चौकट

या संदर्भात काही पाया आधीच घातला गेला आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये संमत झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या जलयानांची तपासणी व नोंदणी यांची तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका सुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था चालक व जीवरक्षकांना प्रशिक्षण देते. ही संस्था ज्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचा भाग आहे, तिचे मुख्यालय झाशीपासून सुमारे १०० किलोमीटरवर ग्वाल्हेर येथे आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांमध्ये नौका बांधणाऱ्या कारागिरांचा समावेश आहे. या योजनेत प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय सवलतीचे कर्ज अशी तरतूद आहे. नौका कारागिरांच्या प्रशिक्षणात फायबरची दुरुस्ती आणि गळतीचे निदान यांवर चार-पाच दिवसांचा भाग समाविष्ट केल्यास लाकडी होडी बांधणाऱ्याला नव्या बाजारपेठेत प्रवेश मिळेल.

झाशी शहराला यंत्रकौशल्य परके नाही. येथे रेल्वेचा जुना वॅगन दुरुस्ती कारखाना आहे आणि भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या झाशी येथील कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तयार होतात. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतून तेल गळत नाही याची चाचणी केल्याखेरीज तो कारखान्याबाहेर पडत नाही. गळती शोधण्याची हीच शिस्त औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या माध्यमातून जलाशयाच्या काठापर्यंत नेता येईल. जलाशयावर जलक्रीडेचा परवाना देताना स्थानिक प्रशासनाने तीन साध्या अटी घातल्या तरी बराच फरक पडेल : रोज सकाळी बूच व पोकळी तपासल्याची नोंद, दर पंधरवड्याला स्थिर वाहनाची अर्ध्या तासाची चाचणी आणि गळती असलेले वाहन दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी होईपर्यंत किनाऱ्यावर ठेवण्याचे बंधन. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या खडकांभोवती तरंगत्या खुणा लावणे हाही गळती रोखण्याचाच उपाय होय.

चालकांनीही काही सवयी अंगी बाणवायला हव्यात. वाहन पाण्यात सोडण्यापूर्वी बुचांना हात लावून पाहावा. उलटलेले वाहन मागच्या बाजूच्या चिठ्ठीवर दाखवलेल्या दिशेनेच सरळ करावे, कारण विरुद्ध दिशेने फिरवल्यास धुराच्या नळीतील पाणी इंजिनात जाते. उथळ पाण्यात इंजिन सुरू करू नये. दिवसअखेर बुचे काढून वाहन उतारावर, सावलीत ठेवावे आणि निघालेले पाणी मापाच्या भांड्यात मोजावे. रोज पेलाभर निघणारे पाणी एखाद्या दिवशी बादलीभर निघाले, तर कोणत्याही यंत्राशिवाय इशारा मिळालेला असतो.

समारोप

जलपर्यटनाच्या योजना आखताना जेट्टी, वाहने आणि जाहिरात यांच्या खर्चाचा विचार होतो. दुरुस्तीची क्षमता मात्र गृहीत धरली जाते. समुद्रकिनाऱ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या घडली आहे, अंतर्भागात ती प्रयत्नपूर्वक घडवावी लागेल. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक स्पंज, खडूची भुकटी, साबणाचे पाणी, एक वही आणि प्रशिक्षित नजर. यांतील पहिल्या चार गोष्टी झाशीच्या कोणत्याही बाजारात मिळतात. पाचवी गोष्ट तेथील तरुणांमध्ये निर्माण झाली, तर बेतवेच्या पाण्यावर फिरणारी वाहने सुरक्षित राहतील आणि त्यांच्या दुरुस्तीचा पैसाही बुंदेलखंडातच राहील.